तीसपर्यंत

घोडा दाबला, आणि नुसतं टक्.
पेनाचं टोपण बसावं, तेवढंच.
कानांवर जाड मफ होते तरी ऐकू आलं,
कारण मी धडाक्याची तयारी केली होती,
खांदे आवळून, जीभ टाळूला लावून,
आणि त्या तयारीचं आता काय करायचं, कळेना.

"हलू नकोस," मागून कोस्किनेन.
"नळी समोर. बोट बाहेर. तीसपर्यंत मोज."

एक. दोन. मी मोजते मराठीतच.
दिवसभर फार्मसीत गोळ्या मोजते, त्या वेगळ्या,
पाच-पाचच्या ढिगांनी, चपट्या सुरीने सरकवत.
नोव्हेंबरात एकाने काउंटरवर कागद ठेवला होता,
वर औषधाचं नाव, स्पेलिंग चुकलेलं.
मी मनातल्या मनात ते दुरुस्त केलं
आणि बाटली दिली.
त्यानंतर हे पिस्तूल. सेकंडहँड. नऊ. दहा.

इचलकरंजीत, दिवाळीत, विजूने
फुसक्या सुतळी बॉम्बकडे वाकून पाहिलं होतं.
आत्या ओरडत होती, "नको रे, झोपलेला नसतो तो!"
एक भुवई गेली. पुढे लग्नाच्या फोटोत
ती काजळाने काढावी लागली.
सतरा. अठरा.

एकोणीस. आपल्या भाषेत हा आकडा
स्वतःचं नाव सांगत नाही,
विसाला एक कमी आहे एवढंच सांगतो.
शेजारच्या लेनमध्ये कुणाचं तरी सगळं सुरळीत चाललंय,
पितळी टरफलं फरशीवर खुळखुळतायत.
माझ्या हातात एक गोष्ट आहे
जी घडली नाही,
किंवा अजून घडायची आहे.
मनगट दुखतंय. अठ्ठावीस.
एकोणतीस.

तीस.

मॅगझिन काढलं. स्लाइड ओढली.
काडतूस उडून टेबलावर पडलं, अखंड, लाजल्यासारखं.
कोस्किनेनने ते उलटं धरून बूड दाखवलं:
टिकलीवर एवढासा खळगा,
नखाने साबण दाबावा तसा.
"सुई पोचतेय, पण जोर नाही. रात्री कुठे होतं हे?"
"गाडीच्या डिकीत."
"डुलुथमध्ये. फेब्रुवारीत." तो एवढंच म्हणाला.
चाळीस वर्षं धक्क्यावर जहाजांत लोखंडाची माती भरलेला माणूस,
डाव्या हाताला साडेतीन बोटं.

बाकावर त्याने ते उलगडलं.
मागची चकती, स्प्रिंग, मग सुई,
आणि सुईच्या नळीत माझं तेल,
थिजलेल्या तुपासारखं, पितळेचा चुरा घातलेलं.
"किती ओतलंस?"
मी अंगठा आणि बोट यांत अंतर दाखवलं.
तो हसला नाही, म्हणून मीच हसले.

बाबा जॉबर होते, बत्तीस मागांचे.
कोंबडीचं पीस बाटलीत बुडवायचे,
बाटलीच्या काठावर निथळवायचे,
आणि मग फक्त टोक लावायचे.
तेल म्हणजे औषध, म्हणायचे, आमटी नव्हे.
मी हे हजारदा ऐकलंय.
लोकांना डोस समजावून सांगणं हा माझा धंदा आहे.

स्पिरिटने पुसलं, कोरडं केलं, जोडलं.
पुढच्या पाचही गोळ्या गेल्या.
एक कागदाबाहेर. चार खाली, डावीकडे,
जिथे कोणाचंच काही नसतं.
ते न उडालेलं काडतूस मी मागितलं.
"नाही," म्हणाला, आणि लाल बादलीत टाकलं.
बादलीत अजून तशीच होती, बरीच.

रविवारी फोनवर विचारलं,
"बाबा, थंडीत तेल गोठतं का हो मशीनचं?"
"कसलं मशीन?"
बाहेर तळ्यावर बर्फ, त्यावर ऊन, बिनकामाचं.
"शिवणाचं," मी म्हटलं.
थोडा वेळ नुसती खरखर.
"सुई मोडली नाही ना?"
"नाही."
"मग कापड काय शिवतेस एवढं?"